आजी वळिवडे कॅम्पातली, पणजी ज्यू: तर्नोपोलच्या नोंदी कुठे शोधू?

पाचपाखाडीची_लेक
माझी आजी, म्हणजे आईची आई, पोलिश. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, तिथे आली. १९४८ ला कॅम्प मोडल्यावर बाकीचे गेले, ही लग्न करून इथेच राहिली. कागदावर जन्मगाव तर्नोपोल, साल १९२६. तिची आई मूळची ज्यू होती म्हणे. टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये विचारलं. काकांनी चहा पाजला आणि म्हणाले, "आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल गं, पोलंडचं कसं सांगू?" दिवाळीत वॉर्सॉचं तिकीट काढू का?

ऐरोलीचा_आजोबा
ताई, तिकीट राहू द्या. माझे व्याही क्राकोचे ज्यू, त्यामुळे रिटायर झाल्यापासून मला हाच उद्योग.

तर्नोपोल १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाकडे होतं, मग पोलंडकडे, आता युक्रेनमध्ये. तिथे युद्ध चालू आहे, जाण्याचा विचारच नको. सुदैवाने त्या भागातली बरीच जुनी जन्म-विवाह-मृत्यूची रजिस्टरं वॉर्सॉच्या 'आगाद' अभिलेखागारात आहेत आणि पुष्कळशी स्कॅन होऊन नेटवर आली आहेत. पोलंडमध्ये जन्मनोंद शंभर वर्षं नोंदणी कार्यालयातच राहते, मग अभिलेखागारात जाते. त्यामुळे आजीची नोंद आधी वॉर्सॉच्या नोंदणी कार्यालयाकडे मागा. वारस म्हणून नक्कल मिळते. नातं सिद्ध करायला आईचा आणि तुमचा जन्मदाखला लागेल.

पणजीचं प्रकरण जास्त रंगतदार. ऑस्ट्रियन कायद्यात ख्रिश्चन आणि ज्यू यांचं लग्नच होत नसे, आणि तोच कायदा त्या भागात १९१८ नंतरही चालू राहिला. म्हणजे पणजोबा कॅथलिक असतील तर पणजीने आधी बाप्तिस्मा घेतलेला असणार. चर्चच्या वहीत मोठ्या वयाच्या बाईचा बाप्तिस्मा शोधा, तिथे तिच्या आईवडिलांची नावं मिळण्याची आशा आहे. ती मिळाली की ज्यू रजिस्टरांकडे वळा. 'जेआरआय-पोलंड' ही पोलंडच्या ज्यू नोंदींची नेटवरची सूची, ती चाळा. एक खोच सांगतो: ज्यूंची पुष्कळ लग्नं फक्त धार्मिक रीतीने होत, सरकार ती मानत नसे, म्हणून मुलं आईच्या आडनावावर लागत. बापाचं आडनाव धरून बसलात तर काही सापडायचं नाही.

पाचपाखाडीची_लेक
बापरे! आणि आजी तिथून इथवर आली कशी, त्याचा काही कागद?

ऐरोलीचा_आजोबा
१९४०-४१ मध्ये सोव्हिएतांनी पूर्व पोलंडमधून हजारो कुटुंबं सायबेरिया-कझाकस्तानला हाकलली. १९४१ च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर सुटलेली काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. अशा पीडितांची पोलिश सूची नेटवर आहे. माहेरचं आडनाव टाकून बघा, शेवटी 'स्की' (पुरुषाचं रूप) आणि 'स्का' (बाईचं रूप) दोन्ही करून.

रंकाळ्यावरचा
वॉर्सॉ नंतर, आधी कोल्हापूरला या की! वळिवड्यात स्मारक आहे, कोल्हापुरात पोलिश लोकांची दफनभूमी पण आहे. आजीचं लग्न इथंच झालं असंल तर तो दाखला पहिला काढा, त्यात तिच्या बापाचं नाव असायला पायजे.

ऐरोलीचा_आजोबा
हे बरोबर बोललात. ताई, सुरुवात तिथूनच करा. चर्चच्या वहीतली लॅटिन नोंद हाती आली तर फोटो इथे टाका, वाचून देतो.