पळून आल्यावर लागणारी भूक हा संयमाचा प्रश्न आहे का?

तळजाईकर

आमच्या पळणाऱ्यांच्या गटावर रविवारी एका ज्येष्ठ सभासदाने लिहिले की, ‘रोज पळूनही ज्यांचे वजन उतरत नाही त्यांचा जिभेवर ताबा नसतो, पळून आल्यावर लागणारी भूक ही निव्वळ सवय आहे, दोन पेले पाणी प्यावे आणि कामाला लागावे.’ बहुतेकांनी त्याला दुजोरा दिला. मी दोन दिवस गप्प बसलो. परंतु काल गटातील एका नवख्या मुलीने ‘मग माझ्यातच काहीतरी कमी असणार’ असे लिहिलेले वाचले आणि सविस्तर उत्तर देणे भाग पडले.

दोन वर्षांपूर्वी माझे वजन ८४ किलो होते आणि रक्तातील साखर काठावर आली होती. आठवड्यातून चार दिवस तळजाईवर सहा-सहा किलोमीटर पळू लागलो, आणि तीन महिन्यांनी काटा ८५ वर गेला. त्या काळात मी नेमके हेच करत होतो, म्हणजे पळून यायचे, पाणी प्यायचे, आंघोळ करून कामावर जायचे. सकाळी भूक नसायचीच. अकराच्या सुमारास ती अशी उसळायची की कार्यालयाखालच्या गाडीवरचे दोन वडापाव कधी संपले ते कळायचे नाही. रात्री चार पोळ्या आणि दुसऱ्यांदा घेतलेला भात झाल्यावरही साडेदहाला मी स्वयंपाकघरात दिवा न लावता चिवड्याचा डबा उघडायचो, झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून त्याखाली तळहात धरून. हा प्रकार मी कोणालाही सांगितला नव्हता, कारण मलाही तो संयमाचाच प्रश्न वाटत होता.

पुढे वाचन केले तेव्हा उलगडा झाला. दमछाक होईपर्यंत पळल्यावर भूक काही काळ दबते, कारण भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक तेवढ्यापुरते उतरते. नंतर ते पूर्ववत होते आणि तोवर आपण टेबलाशी बसलेले असतो, हाताशी मिळेल ते खाण्याच्या स्थितीत. म्हणजे ‘पाणी पिऊन कामाला लागा’ हा सल्ला भूक मारत नाही, तिला वाईट वेळेपर्यंत पुढे ढकलतो. मी पळून आल्यावर तासाभरात, भूक नसली तरी, वाटीभर मोड आलेल्या मुगाची उसळ, एक भाकरी आणि ताक असे खाऊ लागलो, संध्याकाळी पाचला मूठभर फुटाणे ठरवून टाकले, आणि दीड वर्षात ८५ चे ७६ झाले. पळणे तेवढेच राहिले, जीभही तीच राहिली.

पाषाणचा गणिती

आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. सपाटीवर पळताना दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. आपले सहा किलोमीटर म्हणजे पाचशे कॅलरी, आठवड्याला दोन हजार. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. एवढे घाम गाळून एक किलो उतरायला जवळजवळ महिना लागतो, तोही ताटात एक घासही न वाढता. दोन वडापावांनी त्या दिवसाचे सगळे पळणे पुसले जाते. तेव्हा पळणे आणि वजन यांची सांगड घालणे हीच मूळ चूक आहे.

मनगटावरच्या घड्याळांनी ही चूक वाढवली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये अशी सात घड्याळे तपासली तेव्हा नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत त्यातल्या त्यात अचूक घड्याळही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. मी स्वतः घड्याळावरचे नऊशे हे आकडे प्रमाण मानून वर्षभर दर रविवारी मिसळ, वर एक पाव जास्तीचा आणि शेवटी जिलबी असे खात होतो आणि ते मला माझे हक्काचे वाटत होते. शिवाय हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातील हाड्झा या शिकारी समाजावर केलेले, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले काम सांगते की दिवसभर पायपीट करणारी ती माणसे, शरीराचे आकारमान जमेस धरता, बैठ्या शहरी माणसांएवढीच ऊर्जा खर्च करतात. शरीर इतरत्र काटकसर करते. म्हणून मी पळण्याची कॅलरी हिशेबात धरणेच सोडले, ताट वजनकाट्यावर ठेवले आणि अकरा किलो उतरवले. भूक लागत होती. मी ती सोसली. त्या ज्येष्ठ सभासदाची भाषा कठोर होती, म्हणणे चुकीचे नव्हते.

तळजाईकर

आपण सोसली, म्हणून सर्वांना सोसता येईल हे कशावरून? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३५ जाड व्यक्तींकडून १२ आठवडे देखरेखीखाली सारखाच व्यायाम करून घेतला होता. काहींचे वजन दहा किलोंहून अधिक उतरले आणि काहींचे चक्क वाढले. ज्यांचे अपेक्षेइतके उतरले नाही त्यांची भूक आणि खाणे दोन्ही वाढलेले आढळले. व्यायाम तोच, शरीरे निराळी. ज्याची भूक वाढत नाही त्याने ज्याची वाढते त्याला संयम शिकवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

दोन वेळाच

आपण दोघेही मुद्द्याला बगल देत आहात. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितलेले, मुळात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून आलेले सूत्र मी चार वर्षे पाळतो आहे, ते म्हणजे दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि अधेमधे काहीही नाही. मी सहाला उपाशीपोटी पळतो आणि साडेअकराला जेवतो. पहिले तीन आठवडे पोटात आगडोंब उसळला, नंतर तो विझला. आपले पाचचे फुटाणे म्हणजे इन्शुलिनला पुन्हा आमंत्रण आहे. ज्या दिवशी लोक दर दोन तासांनी खाण्याचा नाद सोडतील, त्या दिवशी असे धागे काढावे लागणार नाहीत. माझ्या सासऱ्यांना या आग्रहापायी गेली कित्येक वर्षे दिवसातून सहा वेळा बिस्किटे चारली गेली आणि त्यांचे काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून मी चिडून लिहितो.

आहारतज्ज्ञ, वारजे

‘दोन वेळाच’ यांना जे मानवले ते त्यांनी अवश्य करावे, परंतु येथे वाचणाऱ्यांत मधुमेहाच्या काही विशिष्ट गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारेही असतील. त्यांनी डॉक्टरांशी न बोलता उपाशीपोटी दहा किलोमीटर पळणे धोक्याचे आहे, साखर एकदम खाली येऊ शकते. हा वादाचा विषय नाही.

आता भुकेबद्दल. दोन पोळ्या, पातळ आमटी आणि बटाट्याची भाजी या जेवणात पोट भरते पण टिकत नाही, कारण प्रथिने तोकडी असतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ७६ किलोच्या माणसाला त्रेसष्ट ग्रॅमच्या आसपास. पळणाऱ्याला थोडी अधिकच. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम मिळतात, साबुदाण्यातून जवळजवळ काहीच नाही. संकष्टीच्या सकाळी पळून येऊन खिचडी खाणारे माझ्याकडे येतात आणि दुपारी इतकी भूक का लागते म्हणून विचारतात. बटाट्याला मात्र बदनाम करू नये. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठाने ३८ पदार्थ सारख्याच कॅलरींचे देऊन पोट किती भरते ते मोजले, तेव्हा उकडलेला बटाटा सर्वांच्या वर होता. वडा तळल्यावर तो बटाटा राहत नाही.

आणि भूक सोसण्याचे कौतुक करणाऱ्यांना एक सांगते. पळणे वाढवून खाणे तोडणाऱ्या तरुण मुलींची पाळी बंद होते आणि पायाच्या हाडाला बारीक चीर जाते, अशा मुली मी पाहते. त्या नवख्या मुलीला कोणी ‘सोस’ म्हणू नये.

बिबवेवाडीहून

वरचे सगळे वाचले. मुगाची उसळ, भाकरी, ताक. तळजाईकर, ते मूग रात्री कोण भिजत घालते आणि ती भाकरी साडेसातला तव्यावर कोण टाकते, हे आपण लिहिले नाहीत.

माझे यजमान तीन वर्षे पळत आहेत. त्यांचा आहार सुरू झाला त्या दिवसापासून आमच्या घरात दोन स्वयंपाक होतात. त्यांना पळून आल्यावर लगेच गरम खायला लागते, मुलांना डबा लागतो, सासूबाईंना मऊ भात लागतो. वर्षापूर्वी मीही पळू लागले. साडेसहाला परत येते आणि आंघोळीआधी ओट्याशी उभी राहते. सर्वांचे आवरून होईपर्यंत नऊ वाजतात. मधल्या अडीच तासांत मी काय खाते? मुलाने डब्यातून परत आणलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या कडेला लागलेला उपमा, ताटातले उरलेले दोन घास, चव बघायला घेतलेली भाजी. बसून एकदाही नाही. वजन सहा महिन्यांत दोन किलोंनी वाढले आणि घरात सर्वांचे मत पडले की मी नाश्ता करत नाही तरी माझे वजन वाढते, म्हणजे माझी प्रकृतीच तशी. भुकेच्या व्यवस्थापनावर आपण एवढे लिहिता, पण ती भूक दारातून आत येते तेव्हा समोर ताट तयार असावे लागते आणि ते ताट कोणीतरी तयार केलेले असते.

सदाशिव

हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी धाग्याचा विषय पळल्यानंतरची भूक हा आहे. घरकामाच्या वाटणीसाठी स्वतंत्र धागा काढावा.

बिबवेवाडीहून

विषय तोच आहे. मी पळते, मला भूक लागते आणि तिचे काय होते ते मी लिहिले. ‘तासाभरात खा’ हा सल्ला ज्याच्या घरी दुसरे कोणी राबते त्यालाच पाळता येतो. सल्ल्याचा निम्मा भाग लपवून ठेवायचा आणि बाकीच्यांना तो का जमत नाही म्हणून विचारायचे, यात आणि ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणण्यात मला फरक दिसत नाही.

तळजाईकर

हे मला लागले. मी दुसऱ्यावर बोट ठेवायला धागा काढला होता आणि त्यांच्याच पंक्तीत मला बसवणे अन्यायाचे आहे, असे मी रागाने लिहून पुसले. खरे ते असे की पहिले वर्षभर मूग पत्नीनेच भिजत घातले, भाकरी आजही तीच करते, आणि मी लिहिताना ते माझ्या लक्षातही आले नाही.

औंधमधील भाडेकरू

आमच्यासारख्यांना ना ओटा, ना पत्नी. खोलीत शेगडी लावू देत नाहीत आणि खानावळ नऊला उघडते. विद्यापीठाच्या बाजूला पळून परतताना मी कोपऱ्यावरच्या गाडीवरून तीन उकडलेली अंडी घेतो आणि आदल्या रात्री आणलेले दही खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवलेले असते. दह्यात दोन खजूर कुस्करले की झाले. हे मिळाले नाही तर दुपारी खानावळीत मी आठ पोळ्या खातो, मोजून सांगतो. ‘पाषाणचा गणिती’ यांचा वजनकाटा मला परवडतो, पण खानावळीच्या आमटीत तेल किती आहे हे तो सांगत नाही. त्यामुळे माझ्याकडे भूक वेळेवर भागवण्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही.

पाषाणचा गणिती

माझा मूळ मुद्दा कायम आहे की पळून वजन उतरत नाही, ताटावर उतरते. उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यासाठी मात्र व्यायाम उपयोगी पडतो, हे मी पूर्वीही नाकारले नव्हते. खाण्याच्या वेळेबाबत थोडी माघार घेतो. मी ‘सोसली’ असे लिहिले, परंतु जुनी वही काढून पाहिली तेव्हा त्या अकरा महिन्यांत रोज सकाळी आठला दोन अंडी आणि वाटीभर दही अशी नोंद सापडली. म्हणजे मी सोसत होतो त्या भुकेला सकाळीच आधार मिळालेला होता. याचा अर्थ तळजाईकरांचे सर्व म्हणणे पटले असा कोणी घेऊ नये. आणि ती अंडी मीच उकडत होतो, हे बिबवेवाडीच्या बाईंसाठी नमूद करतो.

दोन वेळाच

चार वर्षांचा माझा अनुभव दोन अंड्यांनी खोटा ठरत नाही. औषधे घेणाऱ्यांबद्दलची सूचना तेवढी मान्य आहे, ती मी आधीच लिहायला हवी होती.

तळजाईकर

बिबवेवाडीच्या ताईंना एक विचारतो. या रविवारी मूग मी करणार आहे. शनिवारी रात्री भिजत घातले तर सकाळपर्यंत मोड येतील का?

बिबवेवाडीहून

येणार नाहीत, या थंडीत तर मुळीच नाहीत. रविवारी हवे असतील तर शुक्रवारी रात्री कोमट पाण्यात भिजत घालावेत, शनिवारी सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधावेत आणि पुरचुंडी झाकणाच्या डब्यात घालून ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवावी. दोघांना पाऊण वाटी कोरडे मूग पुरतात, फुगून दुपटीहून अधिक होतात. संध्याकाळी फडके सुकले असेल तर पाण्याचा हबका मारावा. आणि उसळ झाल्यावर आधी त्यांना ताट वाढावे, बसून.