मदत हवी आहे: कोरोना आणि फ्लूच्या मृत्यूंची तुलना कशी करायची?

प्रश्न (डोलकाठी, देवगड तालुका)
वाचनालयाच्या फलकासाठी टिपण करतोय. वाद असा: "महाराष्ट्रात कोरोनाने दीड लाखाच्या आत माणसं गेली, फ्लूने दरवर्षी साडेसहा लाख जातात. मग एवढा बाऊ कशाला?" यात चूक नेमकी कुठे? तालुक्याचा हिशोब मृत्यू नोंदवहीवरून जमेल का? आणि पावसाळ्याआधी वयस्कर मंडळींना फ्लूची लस सुचवावी का?

खाडीकाठ
एका राज्यासमोर अख्खं जग ठेवलंय, ते तर दिसतंच. खरी गफलत पुढे आहे. महाराष्ट्राचे १.४८ लाख हे मोजलेले मृत्यू: चाचणी झाली, यादीत नाव आलं. फ्लूचे २.९ ते ६.५ लाख हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे (आणि वादात त्याचं वरचं टोक तेवढं उचललंय). दोन्हींत किती फरक पडतो ते २००९च्या स्वाइन फ्लूत बघा. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू जगभरात सुमारे १८,५००. नंतरचा अंदाज दीड ते पावणेसहा लाख.

म्हणून अंदाजासमोर अंदाजच ठेवा. त्याच संघटनेच्या मते २०२० आणि २०२१ मिळून जगात अतिरिक्त मृत्यू (एरवीच्या वर्षांवरून अपेक्षित असतात त्याहून जास्तीचे) १.४९ कोटी. दोन वर्षांसाठी फ्लूचं वरचं टोक दुप्पट केलं तरी १३ लाख. भारताचा अंदाज ४७ लाख, सरकारी आकडा ४.८१ लाख. केंद्र सरकारला ती पद्धत मान्य नाही, हेही टिपणात लिहा. पण देशातल्या नोंदणीकृत मृत्यूंचे आकडे सरकारचेच आहेत: २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२, २०२१ मध्ये १०२.२. नोंदणी सुधारली म्हणून थोडी वाढ होणारच, पण एका वर्षात २१ लाखांची उडी तेवढ्याने होत नाही. अतिरिक्त मृत्यूंत उपचार न मिळाल्याने गेलेलेही धरलेले असतात.

आणि हे २०२०-२१ चं गणित आजच्या कोरोनाला लावू नका. लस आणि प्रतिकारशक्तीमुळे धोका आता बराच उतरलाय.

सुरुबन
नोंदवहीचा हिशोब जमेल, पण कोकणात एक खड्डा आहे. मृत्यूची नोंद जिथे घडला तिथे होते, राहत्या गावी नाही. कणकवलीचा माणूस मुंबईच्या इस्पितळात गेला तर तो मुंबईच्या वहीत. उलट २०२० मध्ये चाकरमानी गावी आले, त्यामुळे गावची लोकसंख्याच फुगली. छेदात जनगणनेचा आकडा घालून दर काढलात तर फसाल. नुसती संख्या त्याच तालुक्याच्या आधीच्या वर्षांशी ताडा.

२०१५ ते २०१९ ची महिनावार सरासरी काढा, मग २०२०-२१ शेजारी मांडा. नोंदणीची नव्हे, मृत्यूची तारीख घ्या. नोंदणीची मुदत २१ दिवस, उशिरा आलेल्या नोंदी भलत्याच महिन्यात पडतात. गावपातळीवर निष्कर्ष काढू नका. महिन्याची सरासरी १०० असेल तर ८० ते १२० ही हालचाल योगायोगानेही होते. ९ असेल तर ३ ते १५.

कारणाच्या रकान्यावर मात्र विसंबू नका. "हृदयक्रिया बंद पडली" हे कारण नव्हेच, ती मरणाची रीत झाली. दाखल्यात वरपासून खाली साखळी हवी: श्वसन निकामी, त्याखाली न्यूमोनिया, त्याखाली इन्फ्लुएंझा. मधुमेहासारखा सोबतचा आजार दाखल्याच्या दुसऱ्या भागात. सांख्यिकीत मोजलं जातं ते तळाचं मूळ कारण, आणि तीच ओळ बहुधा कोरी असते. घरी गेलेल्यांचं तर वैद्यकीय कारण अनेकदा लिहिलेलंच नसतं.

डोलकाठी
धन्यवाद. लसीचं?

खाडीकाठ
सुचवा. ६५च्या पुढचे, दमा, मधुमेह, हृदयविकार असलेले आणि गरोदर बायका आधी. आपल्याकडे फ्लूचा मोठा भर जून ते सप्टेंबर, म्हणून एप्रिल-मेमध्ये घ्यावी. प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात. मोठ्यांना ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत, दरवर्षी. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. फ्लूची लस उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी वेगळी ठरते; दक्षिण गोलार्धाची चालू वर्षाची आहे ना, ते खोक्यावर वाचा. ती २ ते ८ अंशांत राहायला हवी, गोठली की वाया. मेमधल्या वादळात वीज जाते तेव्हा फ्रीज कशावर चालतो, हे दुकानदाराला बिनधास्त विचारा. घरी आणताना बर्फावर थेट ठेवू नका.

सुरुबन
फलकावर एक ओळ वाढवा: पावसात शेतात उतरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत ठणका, लाल डोळे, लघवी कमी, तर तो फ्लू समजून घरी बसू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) असू शकतो. त्याची अँटिबॉडी चाचणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टर अहवालाची वाट न बघता उपचार सुरू करतात. आणि फ्लूच असेल तर ओसेल्टामिविर (फ्लूच्या विषाणूवरचं औषध) ४८ तासांत सुरू झालं तर जास्त गुण येतो, तेव्हा जोखमीच्या माणसाने तिसऱ्या दिवसाची वाट बघू नये.