बोअरचं पाणी फार जड आहे, पूर्ण घराला सॉफ्टनर बसवावा का?

मीनल_ला
नमस्कार, आम्ही याच वर्षी पुण्याहून लातूरला राहायला आलोय. अपार्टमेंटमध्ये नळाचं पाणी रोज येत नाही आणि येतं तेही खालच्या टाकीत बोअरच्या पाण्यात मिसळूनच वर चढतं. अंगाला साबण लावला की फेस होतच नाही, नुसता चिकट थर बसतो, केस काथ्यासारखे झालेत, स्टीलचे पेले पुसून ठेवले नाहीत तर वाळल्यावर पांढरे ठिपके, बाथरूमच्या नळांना तर कडेने पांढरी खपलीच धरलीय. तूरडाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी गणंग राहतात. गिझरची कॉइलपण गेली.
परवा एक सेल्समन आला, त्याने मीटर पाण्यात बुडवला, 940 आकडा दाखवला आणि म्हणाला हे पाणी विष आहे, पूर्ण घराला सॉफ्टनर लावा आणि तेच पाणी प्यायलाही चालेल. रक्कम बरीच मोठी सांगतोय. सासूबाईंना ब्लडप्रेशर आहे आणि मागे मुतखड्याचं ऑपरेशनही झालंय म्हणून जास्त धास्ती वाटते. इथं बरीच वर्षं राहणाऱ्यांनी सांगा प्लीज, काय करावं?

रसायनवाले_सर
मीनलताई, आधी पैसे देऊ नका. त्याने दाखवला तो टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मिळून. त्यात साधं मीठही आलं. साबण फाटतो, नळावर खपली धरते, डाळ शिजत नाही हे सगळं कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे, आणि ते किती आहे हे त्या मीटरला कळतच नाही. त्यासाठी हार्डनेस वेगळा तपासावा लागतो. ऑनलाइन थेंबांचं किट मिळतं, पाण्यात आधी रंगद्रव्य टाकलं की लालसर वाइन रंग येतो, मग थेंब थेंब मोजत टाकायचे, ज्या थेंबाला पाणी स्वच्छ निळं होतं तिथं थांबायचं आणि थेंबांवरून आकडा काढायचा. नाहीतर भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या, तिथं नायट्रेट आणि फ्लोराइडही कळेल, बोअरचं पाणी पिणार असाल तर ते जास्त महत्त्वाचं.
भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500) पिण्याच्या पाण्यात हार्डनेस लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. टीडीएसला हेच आकडे 500 आणि 2000. म्हणजे 940 टीडीएसचं पाणी चांगलं नाही, पण विष वगैरे म्हणणं म्हणजे माणसाला घाबरवून माल विकणं झालं, याचा मला खरंच राग येतो.
आपल्याकडचा काळा पाषाण बेसाल्ट आहे, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, पाणी भेगांतून वर्षानुवर्षं झिरपतं आणि ते क्षार घेऊन येतं. धरणाचं पाणी बहुतेक पावसाचं वाहून आलेलं, म्हणून ते बोअरपेक्षा हलकं लागतं. दोन्ही पाणी वेगवेगळं तपासा, टाकीतलं मिसळलेलं तपासून काही कळणार नाही.

उदगीरची_सुनंदा
डाळीचं मी सांगते. आमच्याकडे सासूबाई डाळीचं पाणी कायम वेगळं भरून ठेवायच्या, नळाला आलेलं, बोअरचं नाही, आणि अजूनही तेच चालू आहे. डाळ भिजत घालायची तीसुद्धा त्याच पाण्यात, कारण बोअरच्या पाण्यात भिजवून मग चांगल्या पाण्यात शिजवली तरी फरक राहतोच. टोमॅटो, चिंच, आमसूल काहीही आंबट असेल ते डाळ पूर्ण शिजल्यावरच, आधी पडलं की डाळ अडते. खायचा सोडा टाका म्हणून बरेच जण सांगतील, डाळ लगेच शिजते खरी पण चव जाते आणि बी व्हिटॅमिनपण जातं, मी तर टाकत नाही. आरओ असेल तर त्यातलंच दोन तांबे पाणी डाळीला वापरा, भाताला आणि चहालाही फरक कळेल. कपड्यांना पावडरीआधी थोडा धुण्याचा सोडा टाकून बघा, पावडर कमी लागते. आणि तुरटीने पाणी हलकं होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तुरटीने फक्त गढूळपणा खाली बसतो.

वायरमन_बालाजी
ताई गिझरचं बघा, आमच्याकडं उन्हाळा सरला की याच तक्रारी. पाणी तापलं की क्षार सुटतो आणि कॉइलवर बसतो, थर जाड झाला की उष्णता पाण्यात जाईना, कॉइल आतल्या आत तापून जळते आणि लाइट बिल वाढतंय ते वेगळंच. तापमान 75 वर ठेवू नका, 50-55 पुरेसं होतंय, जेवढं जास्त गरम तेवढा क्षार जास्त. नवीन कॉइल टाकली की वर्षातून एकदा खोलून टाकी धुऊन घ्या, आत एक मॅग्नेशियमची कांडी असते ती झिजली असली तर बदला, त्यानंच टाकी गंजायची वाचते.
नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा, कोमट पाण्यात लिंबूफूल टाकून रात्रभर भिजू द्या, सकाळी ब्रशनं खपली निघून येते. बाजारातलं ॲसिड नळावर घालू नका, चकाकी जाते. आणि शहाबादी फरशीवर तर ॲसिड अजिबात नको, तो चुनखडीचाच दगड आहे, ॲसिड पडलं की फसफसून खड्डा पडतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच करू नका, क्लोरिन गॅस तयार होतो, जीवावर बेततं.

मीनल_ला
सगळ्यांचे खूप आभार! किट मागवलं आणि वॉचमनकाकांना सांगून नळ आल्या आल्या थेट लाइनचं पाणी बाटलीत भरून घेतलं. नळाचं 140 आलं आणि बोअरचं 460!! म्हणजे चांगलं पाणी येतंय आणि आम्ही ते टाकीत घालवतोय. सुनंदाताई, आरओच्या पाण्यात डाळ भिजवून लावली तर अगदी मऊ शिजली, घरात सगळ्यांना लगेच कळलं. आता सर, सॉफ्टनरचं काय करू आणि मुतखड्याचंही सांगा ना.

रसायनवाले_सर
मुतखड्याचं आधी सांगतो. जड पाण्यानेच खडा होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पाणी कमी पिणं हे मात्र मोठं कारण आहे आणि आपल्या उन्हाळ्यात घामावाटे किती पाणी जातं हे वेगळं सांगायला नको. पाण्याच्या भीतीने सासूबाईंनी पाणीच कमी प्यायलं तर ते जास्त वाईट. किती प्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, बीपीच्या औषधांबरोबर तेही बघावं लागतं.
सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे त्याला ठराविक दिवसांनी मीठ घालावं लागतं आणि टीडीएस काही कमी होत नाही. 460 हार्डनेस पूर्ण उतरवला तर लिटरमागे साधारण 210 मिलिग्रॅम सोडियम वाढेल, आणि तेच पाणी बीपीच्या पेशंटला प्यायला द्या म्हणतोय तो! आंघोळ, गिझर, वॉशिंग मशीनला सॉफ्टनर उत्तम काम करतो, प्यायला नाही. शिवाय तुम्ही भाड्याने असाल तर एवढा खर्च घरमालकाने करावा.
त्यापेक्षा सोसायटीत बोला. नळाच्या पाण्याला वेगळी छोटी टाकी आणि स्वयंपाकघरापर्यंत एक वेगळी लाइन, आणि बोअर फक्त संडास-बाथरूमला, हा खर्च सगळ्यांत वाटला तर सॉफ्टनरपेक्षा कमीच पडावा. गच्चीवरचं पाऊसपाणीही धरा, 100 चौरस मीटर स्लॅबवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1000 लिटर, वाया जाणारं धरून 800 तरी हाताला लागतं.
आणि आरओतून बाहेर पडणारं पाणी मोरीत सोडू नका, ताई. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर आहे हे. बादलीत धरा आणि फ्लशला वापरा.

वायरमन_बालाजी
सरांचं बरोबर आहे. वेगळी लाइन करताना प्लंबरला मधे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाकायला सांगा, नाहीतर बोअरची मोटार चालू झाली की ते पाणी उलटं नळाच्या टाकीत जातंय, आमच्या गल्लीत एका बिल्डिंगला हेच झालं होतं.