तांबडी सुर्ल्याचे महादेव देऊळ: नीट पाहायचे तर

गोव्यातल्या या देवळात पुष्कळ जण दर्शन घेतात, दोन फोटो काढतात आणि निघतात. ज्यांनी देऊळ सावकाश पाहिले आहे त्यांनी वाट, वेळ आणि कोरीवकाम याविषयी उपयोगी पडेल ते लिहावे, असे विचारले होते. आलेली उत्तरे लिहिणाऱ्यांच्या गावांच्या नावाखाली दिली आहेत.

फोंड्याहून
पहिला घोळ नावाचा. सुर्ला डिचोलीतही आहे आणि चोर्ला घाटाच्या बाजूलाही. नकाशात नुसते ‘सुर्ला’ टाकलेत तर गाडी भलतीकडे जाईल, ‘तांबडी’ हवेच. पणजीहून साधारण 65 किमी, बोळकर्णे गावाहून पुढे 13. शेवटचा टप्पा जंगलाचा आणि रेंजचा भरवसा नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. पेट्रोलही अलीकडेच भरा.

म्हापशाहून
उजेडाचे गणित सांभाळा. देऊळ पूर्वाभिमुख आहे. सकाळचे तिरपे ऊन मंडपात शिरते तेव्हा नक्षीला सावली पडते आणि खोली कळते. दुपारी बारा वाजता तीच नक्षी सपाट दिसते. नोव्हेंबर ते जानेवारी सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत असते. तिथे बॅटरी समोरून मारू नका, दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा. फ्लॅशने तर सगळे पुसूनच जाते.

साखळीहून
आपल्याकडची बांधकामे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा सच्छिद्र असतो, त्यात बारीक काम टिकत नाही. हे 12व्या शतकातले, गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याच्या काळातले देऊळ मात्र काळ्या बेसाल्टचे आहे आणि तो दगड घाटावरून आणला असे मानतात. म्हणून तर मंडपाच्या मधल्या चार खांबांवर साखळ्यांची नक्षी इतकी रेखीव उतरली आहे. त्याच खांबांच्या मध्ये उभे राहून वर पाहा, छतात कमळ आहे. खाली नंदी आहे, त्याला शिर नाही. अंतराळाच्या (मंडप आणि गाभारा यांच्या मधल्या दालनाच्या) दाराशी दगडी जाळी आहे, घाईत ती हमखास सुटते.

एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती आहे. उभ्याने सापडायचा नाही, उकिडवे बसा. ते कदंबांचे राजचिन्ह असे सगळे सांगतात. पण कदंबांच्या नाण्यांवर सिंह असतो, तेव्हा मी तरी ते जपूनच ऐकतो.

वाळपईहून
बाहेरून एक प्रदक्षिणा फक्त शिखरासाठी ठेवा. त्याच्या अंगावर ब्रह्मा, विष्णू, शिव आहेत. छोटी दुर्बीण असली तर उत्तम. शिखराचा माथा नाही, त्यामुळे देऊळ फोटोत बुटके दिसते.

पुन्हा फोंड्याहून
पावसात जळवा असतात, मीठ जवळ ठेवा. ओला बेसाल्ट आणि नदीकडच्या पायऱ्या दोन्ही निसरड्या. देवळात अनवाणीच जायचे, तेव्हा पाऊल जपून टाका. कोरीव दगडाला तेल-कुंकू लावू नका, तेलावर धूळ बसते आणि बारीक रेघा बुजतात. महाशिवरात्रीला यायचे ते देवासाठी. खांब पाहायचे असतील तर आडवारी सकाळी या.