लॅपटॉपला चारच वर्षांचे आयुष्य असते का?

अनुवादिका

कालच्या एका चर्चेत एका सदस्यांनी लिहिले होते की लॅपटॉप कोणत्याही कंपनीचा घ्या, तो चार वर्षेच टिकतो, आणि त्यानंतर त्याच्यावर खर्च करणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे आहे. तिथे दोन ओळींचे उत्तर देऊन माझे समाधान झाले नाही, म्हणून हा धागा सुरू करत आहे.

मी पूर्णवेळ भाषांतराचे काम करते. रोज आठ-दहा तास ज्या यंत्रावर माझी बोटे असतात तो 2018 सालचा लेनोवो कंपनीचा थिंकपॅड टी480 आहे. त्याची बाहेरची बॅटरी मी दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा लागला नाही. रॅम 8 जीबीची 16 केली, एसएसडी (माहिती साठवणारा भाग) मोठी घातली, पंखा वेळोवेळी साफ करते. त्याच्या नंतर आलेल्या टी490 मध्ये बाहेरून काढता येणारी बॅटरी उरली नाही आणि रॅमचा एक भाग मदरबोर्डलाच सोल्डर केलेला, म्हणजे डाख देऊन कायमचा जोडलेला, आला.

लॅपटॉपमध्ये आधी काय जाते हे बहुतेक ठरलेले असते: बॅटरी, बिजागऱ्या, पंखा, चार्जिंगची पिन. प्रोसेसर जातो तो क्वचित. त्यामुळे लॅपटॉप किती वर्षे चालेल हे या भागांना सहज हात घालता येतो का यावर ठरते, असे माझे ठाम मत आहे. कंपनीच्या नावाला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण एकाच कंपनीची एक मालिका दहा वर्षे चालते आणि दुसरी तिसऱ्या वर्षी मोडते.

रात्रपाळी

आपल्या यंत्राबद्दलची आपुलकी समजते, पण निष्कर्ष मान्य नाही. माझा लॅपटॉप पातळ आणि पूर्ण बंद बांधणीचा आहे. रॅम आणि एसएसडी दोन्ही सोल्डर केलेल्या आहेत. त्याला नऊ वर्षे झाली आणि तो एकदाही उघडावा लागलेला नाही. जितके जोड कमी, तितकी बिघडण्याची ठिकाणे कमी. सॉकेटमधली रॅम काढून, तिची टोके रबराने पुसून पुन्हा बसवण्याचा उद्योग आपल्यापैकी किती जणांनी केला आहे, ते प्रत्येकाने आठवून पाहावे.

दुसरे असे की जुने लॅपटॉप दणकट होते असे आपल्याला वाटते, कारण जे टिकले तेच डोळ्यांसमोर आहेत. त्याच वर्षी विकले गेलेले आणि भंगारात गेलेले कोणी मोजत नाही. 2009 साली स्क्वेअरट्रेड या वॉरंटी विकणाऱ्या कंपनीने सुमारे 30,000 लॅपटॉपांच्या नोंदींवरून असा अंदाज काढला होता की तीन वर्षांत 31 टक्के लॅपटॉप निकामी होतात, आणि त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा पडणे, सांडणे अशा अपघातांचा असतो. ते सगळे लॅपटॉप सहज उघडणाऱ्या काळातले होते.

देखभाल विभाग

मी एका संस्थेत गेली अकरा वर्षे दोनशेच्या आसपास लॅपटॉप सांभाळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

रात्रपाळी यांनी दिलेला आकडा खरा आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला अर्थ मला पटत नाही. 2009 च्या बहुतेक लॅपटॉपांत फिरणारी हार्ड डिस्क होती आणि चालू असताना बसलेला एक धक्का तिला पुरत असे. त्याच काळात एनव्हिडियाच्या काही ग्राफिक्स चिप गरम-थंड होऊन जोडापाशी निकामी होत होत्या. 2008 साली त्यापायी कंपनीला 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. त्या बिघाडांचा झाकण सहज उघडण्याशी काही संबंध नव्हता.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत दुःखद बिजागरीची असते. हलक्या बांधणीच्या लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नळ्यांत बसतात. काही वर्षांनी बिजागरी घट्ट होत जाते आणि झाकण उघडताना लागणारा सगळा जोर त्या नळ्यांवर येतो. मग एक दिवस त्या प्लास्टिकचा तुकडा घेऊनच उपटून येतात, पडद्याची कड फाकते, आणि आतला मदरबोर्ड ठणठणीत असताना लॅपटॉप कामातून जातो. बिजागरी धातूच्या चौकटीवर घट्ट बसवलेली असेल तर असे सहसा होत नाही. एका कोपऱ्याला धरून झाकण उघडण्याची सवय मात्र चांगल्या बिजागरीलाही भारी पडते.

बिजागरीनंतर क्रमांक लागतो फुगलेल्या बॅटऱ्यांचा, आणि त्या बहुतांश टेबलावरून कधीच न हलणाऱ्या, चोवीस तास चार्जर लावलेल्या लॅपटॉपांतून निघतात. लोकांना हे सांगून मी थकलो आहे.

दूरचा वाचक

इतक्या अनुभवी माणसाने हा समज पसरवावा याचे वाईट वाटते. बॅटरी पूर्ण भरली की चार्जिंग आपोआप थांबते आणि लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालतो. ज्यादा चार्ज होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चार्जर काढून दर दिवशी बॅटरी रिकामी करणारे लोक उलट तिची सायकल, म्हणजे एकदा पूर्ण भरून रिकामी होण्याची फेरी, खर्च करत असतात. बॅटरी शून्यावर आणून मग भरावी, हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे आणि लिथियम-आयनला तो घातकच आहे.

देखभाल विभाग

ज्यादा चार्ज होतो असे मी कुठेही लिहिलेले नाही. कृपया पुन्हा वाचावे. प्रश्न भरलेल्या अवस्थेत पडून राहण्याचा आहे. बॅटरीतला पूर्ण भरलेला सेल साधारण 4.2 व्होल्टवर असतो, आणि त्या विद्युतदाबावर आतल्या रासायनिक क्रिया बॅटरी न वापरताही तिला झिजवत राहतात. उष्णता त्यात भर घालते. नेहमी दाखवला जाणारा तक्ता असा आहे: 25 अंश तापमानात वर्षभर 40 टक्के चार्जवर ठेवलेल्या सेलची क्षमता 96 टक्के उरते, तर पूर्ण चार्जवर ठेवलेल्याची 80 टक्के. तापमान 40 अंश झाले की हेच आकडे 85 आणि 65 होतात. चालू लॅपटॉपच्या पोटातली बॅटरी प्रोसेसरच्या शेजारी बसलेली असते, हे लक्षात घ्यावे.

दूरचा वाचक

तक्ता मलाही ठाऊक आहे. आता व्यवहार पाहू. आपण चार्जिंग 80 टक्क्यांवरच थांबवण्याची मर्यादा घालायला सांगणार, म्हणजे तिसऱ्या वर्षी जी 20 टक्के क्षमता कदाचित जाईल ती मी पहिल्याच दिवशी स्वतःहून सोडून द्यायची. ज्याला प्रवासात पूर्ण दिवस लॅपटॉप चालवायचा आहे त्याच्यासाठी हा सल्ला निरुपयोगी आहे. आपल्या दोनशे लॅपटॉपांवरून जगाला नियम घालून देणे हा अहंकार आहे, अनुभव नव्हे.

अनुवादिका

माझा धागा बॅटरी कशी भरावी याबद्दल नव्हता. बॅटरी झिजणारच, ती बदलता येते का, हा माझा प्रश्न आहे. आणि इथे कोणाला अहंकारी म्हणण्याची गरज नव्हती. अकरा वर्षे दुसऱ्यांचे लॅपटॉप दुरुस्त करणारा माणूस इथे स्वतःचा वेळ देऊन लिहितो आहे.

निबंधकार

मी सहसा इथे लिहीत नाही, पण या विषयाने माझी एक जखम उघडी केली. प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपचे ट्रॅकपॅड दाबले जाईनासे झाले. मी ते जोराने दाबत राहिले, त्यात धूळ गेली असेल असे समजून कडेने पुसत राहिले, आणि चौथ्या दिवशी त्याच्यावर उभी चीर गेली. झाकण काढल्यावर कळले की खालची बॅटरी उशीसारखी फुगून ट्रॅकपॅडला वर ढकलत होती. तो लॅपटॉप दोन वर्षे माझ्या टेबलावर अखंड चार्जरला जोडलेला होता. बॅटरी गोंदाने चिकटवलेली असल्यामुळे ती काढताना इतकी काळजी घ्यावी लागली की दुरुस्तीला सहा दिवस गेले. दूरचा वाचक यांना मी एवढेच सांगेन की फुगलेली बॅटरी ही 20 टक्क्यांच्या हिशेबाची गोष्ट नाही. तिला टोक लागले तर ती पेट घेऊ शकते.

रात्रपाळी

आपल्याला झालेला त्रास खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु एका फुगलेल्या बॅटरीवरून सगळ्या बंद बांधणीच्या लॅपटॉपांना दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. माझी बॅटरी नऊ वर्षांत फुगलेली नाही.

देखभाल विभाग

आणि नऊ वर्षांच्या बॅटरीवर तो किती वेळ चालतो, हेही सांगावे.

रात्रपाळी

पन्नास मिनिटे. मी तो बहुधा जोडूनच वापरतो. बॅटरीच्या बाबतीत आपले म्हणणे बरोबर आहे, हे मान्य करतो. सोल्डर केलेल्या रॅमबद्दल मात्र माझे मत कायम आहे: ती आजवर बिघडली नाही आणि बिघडण्याचे कारणही दिसत नाही.

अनुवादिका

रॅम बिघडत नाही, अपुरी पडते. 2012 साली 4 जीबी सोल्डर केलेला लॅपटॉप घेणाऱ्याला पुढे काय करता आले असते? आणि एसएसडी सोल्डर केलेली असेल तर मदरबोर्ड गेल्यावर त्यावरची माहिती परत मिळवणे किती अवघड होते, याचाही विचार करावा.

माध्यमिक शिक्षक

आपण सर्व जण स्क्रू आणि सेल मोजत आहात, आणि लॅपटॉप खरोखर कशाने मरतो ते कोणीच लिहीत नाही. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा आहे. बिजागरी घट्ट, कीबोर्ड उत्तम, एसएसडी मी स्वतः बसवलेली. विंडोज 11 ला आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, आणि विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. अनुवादिका यांचा टी480 आठव्या पिढीचा आहे म्हणून वाचला. त्याच्या आधीचा टी470 असता, तर बांधणी तितकीच उघडी असूनही त्यांना विंडोज 11 च्या यादीत जागा मिळाली नसती. बंद बांधणीच्या बाजूलाही तेच आहे: ॲपलच्या संगणकांवरची मॅकओएस 26 ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल, हे ॲपलने 2025 मध्येच सांगून टाकले आहे.

विंडोजऐवजी लिनक्स घाला असे कोणी सुचवण्याआधी सांगतो की मी ते घातले आहे आणि लॅपटॉप सुरेख चालतो. माझ्या सहकाऱ्यांपैकी एकालाही ते जमणारे नाही, आणि त्यांचे चांगले लॅपटॉप कपाटात जाऊन पडले आहेत.

अनुवादिका

हा मुद्दा मी धाग्यात घ्यायला हवा होता. टी480 निवडताना मी प्रोसेसरची पिढी पाहिलीच नव्हती. ती योग्य निघाली हा योगायोग होता. तरीही लिनक्स घालण्याआधी आपण एसएसडी स्वतः बसवू शकलात, ते यंत्र उघडता आले म्हणूनच, एवढे मला नोंदवावेसे वाटते.

दूरचा वाचक

'अहंकार' हा शब्द मागे घेतो. काल रात्री विंडोजचा बॅटरी अहवाल काढून पाहिला. माझा लॅपटॉप पावणेतीन वर्षांचा आहे. मूळ क्षमता 57 वॉट-अवर, आता पूर्ण भरल्यावर 41. सायकल केवळ 94 झाल्या आहेत, म्हणजे ही झीज वापराने झालेली नाही, हे देखभाल विभाग यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. प्रवासाच्या आदल्या रात्री 100 पर्यंत भरणार आणि एरवी 80 ची मर्यादा ठेवणार. टेबलावर वर्षभर पडून असलेल्या लॅपटॉपसाठी ही मर्यादा 60 ठेवणे योग्य आहे का, हे त्यांनी सांगावे.

देखभाल विभाग

होय, 60 ठेवा. आणि तळाचे झाकण सपाट पृष्ठभागावर ठेवून चारही कोपरे टेकतात का तेही पाहा. एखादा कोपरा डुगडुगत असेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते, म्हणून चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी बदलेपर्यंत चालू करू नका.