फॅमिली ग्रुप: एका दाराची की बारा सिलिंडरची?

मोठे काका: दादाने काल टाकलेला फोटो बीएमडब्ल्यू इसेटाचा. गाडीचं तोंड हेच दार, आणि दार उघडलं की स्टिअरिंगही सोबत बाहेर येतं. मूळ इटलीच्या इसो कंपनीची. बीएमडब्ल्यूने परवाना घेऊन १९५५ ते १९६२ बनवली, १ लाख ६१ हजारांच्या वर. मोठ्या गाड्या खपत नव्हत्या तेव्हा हिचाच आधार.

आत्या: पण भिंतीला टेकवून लावली तर माणूस आतच?

मोठे काका: छत कापडी आहे. वरून निघायचं 😄

दादा: त्यापेक्षा बीएमडब्ल्यूचीच हायड्रोजनवर चालणारी गाडी, हायड्रोजन ७, बघा काका. सायलेन्सरमधून जवळजवळ नुसती पाण्याची वाफ.

मोठे काका: आणि टाकीतून? द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो. टाकीला कितीही आवरण घाला, थोडी उष्णता आत शिरतेच. १७ तास गाडी उभी राहिली की हायड्रोजन उडायला लागतो. अर्धी टाकी साधारण ९ दिवसांत संपते. म्हणून बंद गॅरेजमध्ये लावायची नाही.

आत्या: म्हणजे आपण गावाला, आणि इंधन आपलं आपण फिरायला 😂

दादा: प्रयोग होता तो आत्या. १००च गाड्या केल्या. हायड्रोजन संपला तर बटण दाबा, पेट्रोलवर चालते.

ताई: पेट्रोलवर अ‍ॅव्हरेज किती?

दादा: ७ 🙈

ताई: आणि काकांच्या चिमुकलीचं?

मोठे काका: २५ च्या पुढे! २४७ सीसी, एक सिलिंडर, १२ अश्वशक्ती, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. इकडे ६ लिटरचं १२ सिलिंडरचं इंजिन, २६० अश्वशक्ती, दोन टनांच्या वर वजन. १०० किमीला ५० लिटर द्रव हायड्रोजन! नुसतं इंधन बदललं, इंजिन होतं तेवढंच खादाड ठेवलं.

दादा: इसेटाचा वेग ८५, आणि समोरून धडक बसली तर आधी आपले गुडघे. मी तरी पोरांना बसवणार नाही.

मोठे काका: ते मान्य. मीही नातवंडांना बसवणार नाही. पण हाच हायड्रोजन जाळण्याऐवजी फ्युएल सेलमध्ये वीज करायला वापरला, आणि गाडी हलकी ठेवली, तर कितीतरी कमी लागतो.

दादा: फ्युएल सेलचं पटलं. साडेतीनशे किलोचं नाही.

मामा: अभिनंदन!! 💐 कोणी घेतली नवी गाडी?