मदत हवी आहे: सेफ्टी कन्सल्टंटसाठी प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी

मंडळी नमस्कार, ॲडव्हान्स डिप्लोमा करून १२ वर्षं चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत सेफ्टी ऑफिसर होतो, २०२१ पासून स्वतःचं काम करतोय, आयएस १४४८९ (सेफ्टी ऑडिटचं भारतीय मानक) प्रमाणे ऑडिट, रिस्क असेसमेंट, ट्रेनिंग वगैरे. आता एक मोठा क्लायंट म्हणतोय १ कोटीची इन्डेम्निटी पॉलिसी (आपल्या कामातल्या चुकीबद्दल कोणी भरपाई मागितली तर त्यासाठीचा विमा) दाखवा तरच वर्क ऑर्डर.

आधी वाटलं कशाला उगाच खर्च, पण मागच्या वर्षी एका कारखान्याच्या शॉपमध्ये प्रेस मशीनच्या लाइट कर्टनला (हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर) वायर टाकून बायपास केलेलं मी फोटोसकट रिपोर्टात लिहिलं होतं, तरी त्यांनी काही केलं नाही आणि दोन महिन्यांनी एका पोराची दोन बोटं गेली, तर मॅनेजर मलाच फोन करून म्हणे साहेब ऑडिट तुमचंच होतं ना! मेलवर पोच होती म्हणून सुटलो, नाहीतर वकिलाचा खर्चच अंगावर आला असता.

एजंट म्हणतो पॉलिसी क्लेम्स-मेड असते, म्हणजे क्लेम येईल तेव्हा पॉलिसी चालू पाहिजे आणि काम रेट्रोॲक्टिव्ह डेटच्या (पॉलिसीत लिहिलेली मागची तारीख, तिच्या आधीचं काम कव्हर होत नाही) नंतरचं पाहिजे. मग माझी २०२१ पासूनची जुनी ऑडिट्स कव्हर करून मिळतील का? पहिल्यांदाच घेणाऱ्याला मागची तारीख कोणी दिलीय का? आणि एका अपघाताची नि वर्षाची लिमिट १:१ (दोन्ही सारख्या) घ्यावी की १:२ (वर्षाची दुप्पट)? वकिलाचा खर्च लिमिटमधूनच कापतात का?

कोणी सेफ्टी किंवा फायरवाल्याने घेतली असेल तर प्रीमियम किती बसला तेही सांगा प्लीज, शुक्रवारपर्यंत कोटेशन द्यायचंय.